वर्षानंतरचा रकाना

कमरेत वाका. डावा हात टेबलाच्या कडेला टेकवा आणि उजवा सैल सोडा, विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा. हात खांद्यातून हलवायचा नाही. अंग जरा झुलवलं की तो आपोआप हलेल. पुढे, मागे. पुढे, मागे.

पुण्यात कर्वे रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या या क्लिनिकमध्ये यायला लागल्याचा हा तुमचा तिसरा आठवडा. खांदा आखडला आहे. वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, पाठीला साबण पोचत नाही, रात्री कुशीवर वळलं की कळ थेट मस्तकात जाते. फिजिओथेरपिस्ट मुलगी पलीकडच्या आजोबांच्या गुडघ्यावर शेकाची पिशवी ठेवतेय. तिथूनच सांगते, "कॉडमन थांबवू नका हं, अजून वीस."

तीन आठवडे हा शब्द तुम्ही ऐकताय. आज विचारता, कॉडमन म्हणजे काय?

"डॉक्टर होते. खांद्याचे. परीक्षेला यायचं," ती म्हणते आणि आजोबांकडे वळते.

हात झुलतोय. नजर खाली फरशीवर आहे. मोझॅकचे काळे-पांढरे ठिपके हाताबरोबर सरकतात, मग एकमेकांत मिसळतात. इतका वेळ नाकाशी मलमाचा वास होता. तो विरतो आणि त्याच्या जागी दुसराच येतो, गोडसर, उग्र, घशाशी चिकटणारा. तो इथर आहे. मान वर करू नका इतक्यात, चक्कर येईल.

आता करा.

साल १८९४, शहर बॉस्टन. आनंदीबाई जोशी याच देशात, फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या त्याला आठ वर्षं होऊन गेली आहेत. तुम्ही उभे आहात मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये. इथल्याच घुमटाखालच्या खोलीत १६ ऑक्टोबर १८४६ रोजी इथर देऊन केलेली शस्त्रक्रियेची बातमी साऱ्या जगाने ऐकली. त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, तरी भूल देण्याचं काम अजून विद्यार्थ्यांच्या अंगावर टाकलेलं असतं. शिकवायला कुणी नाही. इथरमध्ये भिजवलेला बोळा नाकातोंडावर धरायचा आणि माणूस निपचित पडला की शल्यविशारदाला मान हलवून सांगायचं, बस्स.

टेबलाच्या डोक्याशी जो विद्यार्थी उभा आहे त्याचं नाव हार्वे कुशिंग. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारा तो हाच. आज त्याचा चेहरा ओढलेला आहे. काही काळापूर्वी त्याला असंच प्रेक्षकांतून खाली बोलावून बोळा हातात दिला होता आणि आतडं अडकलेला तो रुग्ण टेबलावरच गेला. कुशिंग हादरला, रस्त्यांवर भटकत राहिला, वैद्यकी सोडून द्यावी या विचारापर्यंत आला. मोठ्यांनी त्याला सांगितलं की असं होतच असतं, तुझा दोष नाही. आपल्याकडेही हे वाक्य रोज बोललं जातं. त्यात माया असते हे खरं. पण ते ऐकल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, हेही तितकंच खरं.

त्याच्या शेजारी उभा आहे अर्नेस्ट एमरी कॉडमन. पंचविशीला टेकलेला. बॉस्टनच्या जुन्या घराण्यातला, शिकारीचा नाद असलेला. शिकारीला गेला तरी किती काडतुसं उडवली आणि किती पाखरं पडली याची नोंद ठेवणारा. या दोघांनी पैज लावली आहे. ज्याची भूल जास्त चांगली, त्याला दुसऱ्याने जेवण द्यायचं. चांगली भूल कशाला म्हणायचं हेही ठरलेलं आहे. रुग्णाला वॉर्डात परत नेताना त्याने हाकेला ओ दिली पाहिजे आणि नंतर त्याला उलट्या होता कामा नयेत.

पैज लावली म्हणजे हिशेब ठेवणं आलं. कुशिंगजवळच्या कागदाकडे बघा. आडव्या-उभ्या रेघा, त्यावर नाडीचे ठिपके, श्वासाचे ठिपके, ठिपक्यांना जोडणारी वरखाली होणारी रेघ. भुलेखालच्या माणसाच्या नाडी-श्वासाच्या अशा नोंदी ठेवण्याची सुरुवात या दोन मुलांच्या तक्त्यांपासून धरतात. आज ऑपरेशन थिएटरमधल्या पडद्यावर जी हिरवी रेघ धावते तिचं मूळ या कागदात आहे. नाडी मोजायची म्हणजे रुग्णावर बोटं ठेवून राहावं लागतं. तशी बोटं ठेवून राहिल्यामुळे दोघांचीही भूल सुधारली. जेवण कुणी कुणाला दिलं याला फारसा अर्थ उरला नाही.

कॉडमनच्या डोक्यात मात्र तिथे काहीतरी रुजलं. वॉर्डात पोचेपर्यंत रुग्ण कसा आहे हे जर मोजता येतं, तर घरी पोचल्यावर का नाही? वर्षानंतर का नाही?

हात झुलू द्या. पुढे.

नव्या शतकाची पहिली वर्षं. तुमच्या हातात अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या इस्पितळाचा वार्षिक अहवाल आहे असं समजा. किती रुग्ण आले, किती गेले, किती दिवस राहिले, खर्च किती झाला. बाहेर पडताना कोण 'बरा', कोण 'सुधारलेला', कोण 'मृत'. फाटकाबाहेर पडलेल्या माणसाचं नाव मात्र अहवालात पुन्हा येत नाही. हर्नियाची शस्त्रक्रिया झालेला हमाल दोन महिन्यांनी पुन्हा ओझं उचलू शकला का? कॅन्सरची गाठ काढलेली बाई पुढची दिवाळी, म्हणजे तिचा पुढचा ख्रिसमस, बघू शकली का? इस्पितळाला माहीत नाही, तिच्या शल्यविशारदालाही माहीत नाही.

हा प्रश्न कॉडमनच्या आधी एका बाईने उचलला होता. क्रिमियाच्या युद्धातून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने इस्पितळांवरच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं की इस्पितळातल्या मृत्यूंचे आकडे फसवे आहेत, कारण जे मरायला टेकलेले असताना घरी पाठवले जातात ते त्यात धरलेच जात नाहीत, आणि काही इस्पितळं हे इतरांपेक्षा फार जास्त करतात. सगळ्या इस्पितळांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात म्हणून ती झगडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार करणारी नाइटिंगेल ती हीच. आपण तिच्या हातातला दिवा लक्षात ठेवला, तिचे तक्ते विसरलो.

कॉडमनने मागितलं ते एका वाक्यात मावतं. प्रत्येक इस्पितळाने आपल्या प्रत्येक रुग्णाचा इतका काळ माग ठेवावा की उपचार यशस्वी झाला की नाही हे कळेल, आणि झाला नसेल तर का नाही हे शोधावं, म्हणजे पुढच्या रुग्णाच्या वेळी तेच घडणार नाही. याला तो 'एंड रिझल्ट' म्हणायचा, म्हणजे शेवटचा निकाल. १९१० च्या उन्हाळ्यात लंडनजवळचा एक क्षयरुग्णांचा आश्रम बघून परतताना घोडागाडीत त्याने हे फिलाडेल्फियाच्या एडवर्ड मार्टिनला सांगितलं. त्या गप्पांमधून पुढे शल्यविशारदांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स, १९१३ मध्ये. इस्पितळांचा दर्जा ठरवणाऱ्या समितीचं अध्यक्षपद कॉडमनकडे आलं. पण समितीत नुसतं बोलून भागणार नव्हतं, हे त्याला आधीच कळलं होतं.

तेव्हा चढ चढा. हा बीकन हिल. विटांच्या पायवाटा, अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना तांबड्या विटांची घरं. पिंकनी स्ट्रीट, घर क्रमांक १५. कॉडमनने १९११ मध्ये इथे स्वतःचं छोटं इस्पितळ उघडलं आहे. खाटा डझनभर. मॅसॅच्युसेट्स जनरल या मोठ्या इस्पितळापासून पायी जाता येईल इतकं जवळ.

आता तुम्ही प्रेक्षक नाही, रुग्ण आहात. जांघेत हर्निया आहे. तुमच्यासमोर तो जाड कागदाचं एक कार्ड घेतो, पाच इंच रुंद, आठ इंच लांब. खिशात मावेल एवढं. त्यावर तुमचं नाव, तुमची तक्रार. मग उपचाराआधी त्याला काय वाटतंय ते निदान. हे आधी लिहायचं, नंतर नाही. नंतर लिहिलं की पोट उघडल्यावर जे दिसलं तेच आपल्याला आधीपासून माहीत होतं असं प्रत्येक डॉक्टरला वाटतं. मग काय करायचं ठरवलं. मग इस्पितळात असताना काय बिघडलं. मग घरी जाताना निदान काय ठरलं. आणि खाली मोकळी जागा. वर्षानंतर काय, त्याच्या पुढच्या वर्षी काय.

बस्स, एवढंच कार्ड. आपल्याकडे ज्याला केसपेपर म्हणतो त्यापेक्षाही कमी मजकूर. पण त्या मोकळ्या जागेकडे नीट बघा. त्या जागेमुळे डॉक्टर तुमच्याशी बांधला जातो. तुम्ही फाटकाबाहेर पडलात तरी तुमचं कार्ड त्याच्या खणात अर्धवट पडून राहतं, आणि अर्धवट राहिलेलं काम नजरेसमोर आलं की माणसाला स्वस्थ बसवत नाही.

शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, तुम्ही घरी जाता. कामाला लागता. ऋतू फिरतो. आणि एक दिवस डॉक्टरांकडून विचारणा येते. कसे आहात? जागा पुन्हा फुगते का? काम करता येतं का? एकदा दाखवायला येता का?

क्षणभर थांबा इथे. तुम्हाला आयुष्यात कधी कुठल्या हॉस्पिटलने हे विचारलं आहे? मला आठवतं, माझ्या वडिलांचं पित्ताशय काढलं तेव्हा घरी सोडताना दिलेल्या कागदावर प्रकृतीपुढे 'समाधानकारक' असं लिहिलेलं होतं. पंधरा दिवसांनी त्यांना काविळीसारखं पिवळं दिसायला लागलं आणि आम्ही त्यांना दुसरीकडे नेलं. ते वाचले. पण पहिल्या ठिकाणच्या कागदावर आजही ते 'समाधानकारक'च आहेत. तिथे कुणी वाईट नव्हतं. परिचारिका प्रेमळ होत्या, डॉक्टर हुशार होते. आमचं पुढे काय झालं हे त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाटच नव्हती, आणि वाट नव्हती म्हणून त्यांच्या लेखी ती शस्त्रक्रिया चांगली झाली होती. त्यानंतरच्या रुग्णावर त्यांनी त्याच विश्वासाने हात चालवला असेल.

म्हणून पिंकनी स्ट्रीटवरच्या पुढच्या कार्डाशी मी तुम्हाला मुद्दाम नेतो. हेही पित्ताशयाचंच आहे. कॉडमनने शस्त्रक्रिया करताना यकृतातून पित्त वाहून नेणारी मुख्य नळीच बांधून टाकली आणि बांधली हे त्याच्या लक्षातही आलं नाही. रुग्ण दगावला. त्याला हे कळलं तेव्हा त्या खोलीत दुसरं कुणी साक्षीला नव्हतं. कार्ड त्याचं, इस्पितळ त्याचं, खण त्याचा. 'असं होतच असतं' असं तो म्हणू शकला असता. त्याने कौशल्यातली ढोबळ चूक म्हणून ती लिहिली, ती ओळखताही आली नाही हेही लिहिलं, आणि छापलं.

छापलं. हा शब्द दोनदा वाचण्यासारखा आहे. १९११ ते १९१६ या पाच वर्षांत त्याच्याकडून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या बाबतीत त्याने स्वतःच्या १२३ चुका मोजल्या. दर तीन रुग्णांमागे एकाहून जास्त. हे आकडे त्याने पुस्तकात घातले, रुग्णवार नोंदींसकट, आणि आपल्या खर्चाने देशभरच्या इस्पितळांना पाठवले. कुणी म्हणेल तो वाईट शल्यविशारद असेल. तसं नव्हतं, तो त्या काळातल्या उत्तमांपैकी होता. बाकीच्यांच्या चुका किती होत्या हे आपल्याला सांगता येत नाही, कारण त्यांनी मोजल्याच नाहीत.

चुका मोजायच्या तर त्यांची जात ठरवावी लागते, आणि मला त्याच्या कामातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. कार्डाच्या कोपऱ्यात तो अक्षरं लिहायचा. एक खूण ज्ञान किंवा हात कमी पडल्याची. एक निर्णय चुकल्याची, म्हणजे हात चांगला चालला पण शस्त्रक्रिया करायलाच नको होती, किंवा आधी करायला हवी होती. एक काळजी किंवा साधनं अपुरी पडल्याची. एक निदान चुकल्याची. मग ज्यात डॉक्टरचा दोष नाही अशा खुणा. आजारच आवाक्याबाहेरचा होता. रुग्णाने उपचार नाकारले. आणि शेवटची, ज्यावर आज कुणाचाच ताबा नाही अशी आपत्ती. या शेवटच्या खुणेबद्दलही त्याचं म्हणणं होतं की ती लपवू नये. स्वतःशी कबूल करावी आणि लोकांनाही सांगावी, कारण तिच्यावर उपाय शोधायचा तर आधी ती आहे हे मान्य करावं लागेल.

बघा, एकच मृत्यू, पण निर्णय चुकला म्हणून झाला असेल तर उपाय वेगळा, रात्री लक्ष ठेवायला नर्स कमी होत्या म्हणून झाला असेल तर वेगळा. 'दैवात नव्हतं' एवढंच म्हटलं की दोन्हींवरचे उपाय बंद होतात. घराघरात आपण मेलेल्या माणसाबद्दल बोलताना हे वाक्य वापरतो आणि दुःख हलकं करायला ते हवंही असतं. पण दवाखान्याच्या कार्डावर त्याला जागा नको.

पुढे, मागे. रात्र झाली आहे. थंडी जबरी आहे.

तारीख ६ जानेवारी १९१५. आपल्या इकडे तीन दिवसांनी गांधीजी मुंबईला अपोलो बंदरावर उतरायचे आहेत. इथे, बॉस्टनच्या फेनवे भागातल्या वैद्यकीय ग्रंथालयाच्या सभागृहात, जिल्हा वैद्यकीय संस्थेच्या शल्यविभागाची सभा आहे. अध्यक्ष आहे कॉडमन. तुम्ही मागच्या रांगेत, भिंतीला टेकून उभे राहा. सभागृह खच्चून भरलंय. उंची सूट, घड्याळांच्या साखळ्या, ओल्या ओव्हरकोटांचा वास.

आदल्या वर्षी कॉडमनने मोठ्या इस्पितळातल्या नोकरीचा राजीनामा दिला आहे. तिथे बढती मिळायची ती सेवाज्येष्ठतेवर. कुणाच्या हातून किती रुग्ण बरे झाले याच्याशी तिचा संबंध नव्हता. राजीनामा मंजूर होताच त्याने त्याच इस्पितळाकडे प्रमुख शल्यविशारदाच्या जागेसाठी अर्ज केला. कारण दिलं की माझे निकाल इतरांपेक्षा चांगले आहेत, नसतील तर त्यांचे दाखवा. दाखवायला कुणाकडे काही नव्हतं.

आजच्या सभेचा विषय इस्पितळांची कार्यक्षमता. बोलायला बोलावलेल्यांत फ्रँक गिलब्रेथ आहे. विटा रचणाऱ्या गवंड्याच्या हालचाली मोजून त्यातल्या अर्ध्याअधिक फुकट जातात हे दाखवणारा तो अभियंता. शल्यविशारदांच्या हालचालींकडेही तो त्याच नजरेने बघतो. शहराचा महापौर जेम्स कर्ली आहे. डॉक्टरांच्या सभेत डॉक्टर नसलेली माणसं! पुढच्या रांगेत कुजबूज आहे.

भाषणं होतात. शेवटी कॉडमन उठतो आणि एक मोठं चित्र उघडतो. कित्येक फूट लांब. थोडा वेळ कुणाला अर्थ लागत नाही, मग लागतो.

चित्रात शहामृग आहे. त्याचं डोकं वाळूत खुपसलेलं. हा शहामृग म्हणजे बॉस्टनच्या श्रीमंत बॅक बे वस्तीतले लोक, शल्यविशारदांचं गिऱ्हाईक. तो मागच्या पायांनी सोन्याची अंडी उडवतो आहे आणि ती झेलायला हार्वर्डचे वैद्यकीय प्राध्यापक उभे आहेत. पलीकडे चार्ल्स नदीच्या पुलावर हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल. आपले प्राध्यापक लोकांना खरं सांगू लागले तर त्यांचं पोट भरेल का, अशा विवंचनेत. इस्पितळाचे विश्वस्तही आहेत. शहामृगाला सत्य सांगितलं तर तो अंडी देणं बंद करील की काय, याची मसलत करताना.

सभागृह उसळतं. खुर्च्या मागे सरकतात. काही जण उठून चालू लागतात. चिडलेले आवाज तुमच्या कानावरून जातात. जवळून जाणाऱ्या एका वयस्कर डॉक्टरकडे बघा. तो नुसता रागावलेला नाही, दुखावलेला आहे. रात्री-अपरात्री उठून लोकांच्या दारी गेलेला माणूस असेल तो, फीचा विचार न करता. त्याला आज भर सभेत सोन्याची अंडी झेलणारा म्हटलंय. मला त्याचंही वाईट वाटतं.

तरीही चित्र लावायला नको होतं असं मी म्हणणार नाही. कॉडमन सौम्यपणे बोलला असता तर त्याचं ऐकलं असतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण चार वर्षं तो स्वतःच्या चुका मोजत आला होता, समितीवर बोलला होता, सेवाज्येष्ठतेच्या विरोधात राजीनामा दिला होता. आधी स्वतःचं काढून ठेवून मगच त्याने दुसऱ्याचं मागितलं होतं. आणि चित्राने बोट ठेवलं ते खऱ्या जागी. रुग्णाचं पुढे काय झालं हे कळलं तर कुणाकडे जायचं आणि कुणाकडे नाही हे लोक ठरवू शकतील, आणि पैसा त्या दिशेने वळेल. न मोजण्यामागे आळस असतो, भीती असते, पण हिशेबही असतो.

त्याला शल्यविभागाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. हार्वर्डमधली शिकवण्याची जागा गेली. मित्र रस्ता बदलून जाऊ लागले आणि रुग्ण पाठवणारे डॉक्टर कमी झाले. डिसेंबर १९१७ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला, तेव्हा जखमींसाठी तो तिकडे धावला. नंतर सैन्यात गेला. पिंकनी स्ट्रीटवरचं घर मिटलं.

चढावरून खाली उतरू या. आता न्यूयॉर्क, ऑक्टोबर १९१९, वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेल. पुढे जिथे एम्पायर स्टेट इमारत उभी राहील त्या जागेवरचं हे जुनं वॉल्डॉर्फ. मध्यरात्र. तळघरातल्या भट्टीसमोर उभं राहिलं की चेहरा भाजतो.

कॉडमन इथे नाही. पण त्याच्या समितीपासून सुरू झालेलं काम आता शल्यविशारदांच्या संघटनेने पुढे नेलं आहे. तिच्या माणसांनी शंभरपेक्षा जास्त खाटांची ६९२ इस्पितळं फिरून पाहिली. कसोटी अगदी साधी, एका पानाची. डॉक्टरांचा नीट बांधलेला चमू असावा. तो लायक असावा. निदान महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसून आपल्या रुग्णांचा आढावा घ्यावा. प्रत्येक रुग्णाची अचूक, पूर्ण नोंद असावी. प्रयोगशाळा आणि एक्स-रेची सोय असावी. ६९२ पैकी उत्तीर्ण झाली ८९. अनुत्तीर्णांच्या यादीत देशातली नावाजलेली इस्पितळं होती. आकडे उद्या सभेत सांगितले जातील. पण नावांची यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागली तर काय होईल या धास्तीने ती आज रात्रीच भट्टीत टाकली आहे.

कागद आधी कडांनी पिवळा पडतो, मग वळतो, मग त्यावरची अक्षरं क्षणभर जास्त ठळक दिसतात. वाकून वाचायचा मोह होईल. वाचता येणार नाही.

या राखेतूनही चांगलं निघालंच. त्या एका पानाची पुढे पुस्तकं झाली, १९५१ मध्ये अमेरिकेत इस्पितळांची तपासणी करणारी संयुक्त संस्था उभी राहिली, आणि आज पुण्या-मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलच्या स्वागतकक्षात मानांकनाची जी पाटी झळकते तिची पणजी म्हणजे ते पान. पाटीमुळे पुष्कळ काही सुधारतं. चुकीच्या रुग्णाला चुकीचं औषध जाऊ नये म्हणून मनगटावर पट्टी येते, हात धुण्याची मोजणी होते, जखम चिघळण्याचं प्रमाण नोंदलं जातं. मात्र त्या पाटीखाली उभं राहून तुम्ही विचारलंत, 'गुडघा बदललेल्यांपैकी किती जण वर्षानंतर जिना चढतात?' तर बहुतेक ठिकाणी स्वागतकक्षातली मुलगी तुमच्याकडे बघत राहील.

कॉडमन थांबला नव्हता. १९२० मध्ये त्याने हाडांच्या कॅन्सरची नोंदवही सुरू केली. निरनिराळ्या ठिकाणच्या डॉक्टरांना पत्रं लिहून एकेक रुग्ण, एकेक एक्स-रे, त्याचं पुढे काय झालं याची विचारपूस. पिंकनी स्ट्रीटच्या खणातलं कार्डच, फक्त आता देशभराचं. त्या एक्स-रेंवर हाडाच्या कडेला दिसणारा छोटा त्रिकोण आज त्याच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडचा एमबीबीएसचा मुलगाही तो पाठ करतो. १९३४ मध्ये खांद्यावरचं त्याचं मोठं पुस्तक आलं. प्रस्तावनेत त्याने स्वतःची कहाणी सांगितली, शहामृगासकट. म्हणजे खांदा शिकायला आलेल्या डॉक्टरच्या हातात ती पडणारच.

२३ नोव्हेंबर १९४० रोजी कॉडमन गेला. केंब्रिजमधली माउंट ऑबर्न दफनभूमी. झाडं मोठी आहेत, पानं गळून गेलेली. त्याच्या जागेवर दगड नाही. नुसतं गवत आहे, आणि पुढची चौऱ्याहत्तर वर्षं गवतच राहणार आहे. २०१४ मध्ये शल्यविशारद जमतील आणि त्याच्या नावाचा दगड बसवतील. ज्या मोठ्या इस्पितळातून तो राजीनामा देऊन बाहेर पडला त्याची माणसंही त्या कामात असतील.

"वीस झाले का?"

फरशीचे ठिपके पुन्हा वेगवेगळे दिसू लागतात. मलमाचा वास. खालच्या गल्लीत कुणीतरी रिक्षा उलटी घेतंय. तुम्ही हळूच सरळ होता. हातात मुंग्या आल्या आहेत.

मुलगी तुमचं कार्ड काढते. तारीख, फी, सही. तारीख, फी, सही. तीन आठवड्यांच्या ओळी. ती आजची तारीख टाकते.

"आज हात कितीपर्यंत जातोय?" तुम्ही विचारता.

ती थबकते. मग खण उघडते, आतून प्लास्टिकचा कोनमापक काढते, तुमच्या खांद्यापाशी धरते. "उचला. दुखलं की थांबा." तुम्ही उचलता. दुखतं. "एकशे पाच," ती वाचते. "पहिल्या दिवशी किती होता?"

ती कार्ड उलटसुलट करून बघते. लिहिलेलं नाही. एकशे पाच लिहायलाही रकाना नाही. ती पेनाचं टोपण काढते, पट्टी शोधते, आणि फीच्या पलीकडे, समासात, एक उभी रेघ मारायला घेते.